काळ्या गाडीचा माग

श्रोतेहो, मोटारगाड्यांविषयीं बोलण्याचा मला काय अधिकार, असा प्रश्न आपल्यापैकीं कित्येकांच्या मनांत उभा राहील, आणि तो रास्तच आहे. मी पेशानें शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. उभ्या आयुष्यांत स्वतःचें म्हणून वाहन वापरलें तें सायकल, आणि तीहि आतां गुडघ्यांच्या तक्रारीमुळें पडवींत भिंतीला टेकून उभी आहे. तेव्हां गाडी कशी चालवावी किंवा कोणती घ्यावी हें मी सांगणार नाहीं. जी गाडी कोणालाच सांपडत नाहीं तिचा माग काढण्याची रीत काय, एवढेंच आज सांगावयाचें आहे. आणि माग काढण्याची रीत हा विषय इतिहास शिकविणाऱ्या मास्तरास अगदींच परका नाहीं.

माझा एक जुना विद्यार्थी मोटारींच्या कारखान्यांत आहे. दोन वर्षांपूर्वीं तो भेटीस आला असतां त्यानें माझ्यापुढें एक छायाचित्र ठेविलें. चित्रांत एक काळी, बसकी गाडी होती. पाठीमागचा भाग पाण्याच्या थेंबासारखा निमुळता होत गेलेला, आणि कपाळापासून शेपटापर्यंत मधोमध माशाच्या पाठीवर असतो तसा उंच कणा. त्या कण्यावर रिव्हेटांची ओळ. "गुरुजी," तो म्हणाला, "ही गाडी १९३८ नंतर कोठें गेली याचा पत्ता नाहीं. आज सांपडली तर दहा कोटी युरोंहून अधिक मोल येईल म्हणतात." आंकडा ऐकून मी चकित झालों नाहीं असें नाहीं. परंतु मला खरें नवल वाटलें तें दुसऱ्याच गोष्टीचें. गाडी कांहीं सुई नव्हे. जिला लोखंडाचा सांगाडा आहे, अंगावर ठोकलेला क्रमांक आहे, जिचीं चित्रें खुद्द कारखान्यानें छापलीं, अशी वस्तु हरवते तरी कशी? त्या दिवसापासून मिळेल तें वाचीत गेलों, त्याचा हा गोषवारा.

ती गाडी बुगाटी कारखान्याची. एत्तोरे बुगाटी हा जन्मानें मिलानचा, कलावंताच्या घराण्यांतला. त्यानें १९०९ सालीं अल्सास प्रांतांतील मोल्सहाइम येथें कारखाना काढला. हा प्रांत त्या वेळीं जर्मनीचा होता; पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे आला; १९४० सालीं पुन्हां जर्मनांनीं घेतला आणि युद्ध संपतां संपतां पुन्हां फ्रान्सचा झाला. ज्या भूमीवरील राज्य असें बदलतें तेथील कागदपत्रांची काय दशा होते, हें आपल्याकडील जुनीं दप्तरें चाळणारांस सांगावयास नको. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

एत्तोरेचा वडील मुलगा जाँ. त्यानें पंचविशी गांठली नव्हती तोंच गाड्यांची आंखणी त्याच्याकडे आली. १९३४ सालीं '५७' या नांवाचा नमुना कारखान्यानें बाजारांत आणला. एका ओळींत आठ सिलिंडरें, ३२५७ घनसेंटिमीटरांचें इंजिन. या जातीच्या सर्व मिळून सुमारें सातशें गाड्या पुढील सहा वर्षांत झाल्या. क्रमांकांची पद्धत साधी होती. पहिले दोन अंक नमुन्याचे, आणि पुढचे तीन त्या गाडीचे. गणती १०१ पासून. म्हणजे ५७१०४ ही या जातीची अगदीं आरंभींची गाडी, हें क्रमांकावरूनच कळतें.

१९३५ च्या ऑक्टोबरांत पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनांत जाँनें एक आद्य नमुना मांडला. त्याचें नांव 'एरोलिथ', म्हणजे आकाशांतून पडलेला पाषाण, उल्का. तिचा पत्रा साध्या लोखंडाचा नव्हता, अॅल्युमिनियमचाहि नव्हता. तो 'एलेक्ट्रॉन' नांवाच्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा होता. मॅग्नेशियम अॅल्युमिनियमपेक्षां सुमारें एकतृतीयांशानें हलकें. पण तें पेटतें. ज्यांनीं शाळेच्या प्रयोगशाळेंत मॅग्नेशियमची फीत जळतांना पाहिली असेल त्यांना तो डोळे दिपविणारा पांढरा उजेड आठवेल; माझ्या वर्गांत तर त्या प्रयोगाच्या दिवशीं एकहि मुलगा गैरहजर राहत नसे. असा पत्रा आगीनें सांधणार कसा? म्हणून गाडीचें अंग दोन उभ्या फांकांत बनवून, दोहोंच्या कडा बाहेर वळवून, त्या रिव्हेटांनीं एकमेकींस जोडल्या. तो बाहेर आलेला सांधा म्हणजेच तो कणा. गंमत अशी कीं, पुढें ज्या गाड्या झाल्या त्यांचा पत्रा अॅल्युमिनियमचा होता, त्यांना या सांध्याची गरज नव्हती. तरी तो कणा तसाच ठेविला. अडचणींतून निघालेली युक्ति पुढें दागिना झाली.

प्रदर्शनानंतर एरोलिथ दिसेनाशी झाली. तिची कोठें विक्री झाल्याची नोंद नाहीं. बहुधा कारखान्यानेंच ती मोडून तिचे भाग इतरत्र वापरले असावेत. आद्य नमुन्यांचें नशीब पुष्कळदां असेंच असतें. गिऱ्हाइकाला विकलेल्या गाडीमागें पावती, नोंदणी, विमा, कर, तक्रारीचीं पत्रें असा कागदांचा पसारा राहतो. नमुना मात्र कारखान्याच्या घरचा. त्याची पावती कोण कोणाला देणार? घरांतल्या वाटीवर आपण नांव घालतों, कारण ती शेजारीं जाते. जी वाटी घराबाहेर जातच नाहीं तिच्यावर नांव घालण्याचें कोणास सुचत नाहीं. आद्य नमुन्यांचा इतिहास कठीण होतो तो येथें.

एरोलिथचीं मोजकींच छायाचित्रें उरलीं आहेत, डझनभरहि नाहींत. परंतु तेवढ्यावरून कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांतल्या एका जीर्णोद्धार करणाऱ्या कार्यशाळेनें, ५७१०४ हाच आरंभींचा सांगाडा घेऊन, मॅग्नेशियमच्याच पत्र्यांत ती गाडी कित्येक वर्षें खपून पुन्हां उभी केली. छायाचित्रावरून मापें कशीं निघतात हें ऐकण्यासारखें आहे, आणि भूमिति शिकलेल्या कोणासहि तें कळेल. गाडीचें चाक वर्तुळ आहे. वर्तुळ तिरकस पाहिलें असतां लंबवर्तुळ दिसतें. पण त्याचा मोठा अक्ष व्यासाचेंच माप दाखवितो. चाकाचा खरा व्यास कारखान्याच्या नकाशांवरून ठाऊक असतो. मग त्या चाकाच्या शेजारीं, कॅमेऱ्यापासून तितक्याच अंतरावर, जी वस्तु असेल तिचें माप त्रैराशिकानें निघतें. दाराची उंची, छपराची उंची, कण्याची जाडी हीं सर्व अशींच. दुसऱ्या कोनांतून घेतलेलें चित्र मिळालें कीं पहिलें माप ताडून पाहावयाचें. रंग मात्र करड्या छायाचित्रांत दिसत नाहीं. तो फिकट पुदिन्यासारखा हिरवा होता हें त्या काळच्या एका तैलचित्रावरून ठरविलें असें सांगतात. या कारागिरांचें मला कौतुक वाटतें तें आणखी एका कारणासाठीं. आपण केलेली ही गाडी मूळची एरोलिथ आहे असा दावा त्यांनीं केला नाहीं. ती प्रतिकृति म्हणूनच लोकांपुढें आली.

आतां त्या काळ्या गाडीकडे वळूं. एरोलिथवरून १९३६ ते १९३८ या काळांत अवघ्या चार गाड्या निघाल्या. जाँचा मित्र जाँ मेर्मोझ हा प्रसिद्ध फ्रेंच वैमानिक १९३६ च्या डिसेंबरांत अटलांटिक महासागरावर विमानासह नाहींसा झाला. त्याच्या स्मरणार्थ या गाड्यांना 'अॅटलांटिक' हें नांव मिळालें असें कारखाना सांगतो. नाहींशा झालेल्या माणसाचें नांव घेतलेल्या चार गाड्यांपैकीं एक स्वतः नाहींशी व्हावी, याला योगायोग म्हणावें, दुसरें काय!

या चौघींपैकीं तिघींचा माग स्पष्ट आहे. पहिली, क्रमांक ५७३७४, लंडनच्या व्हिक्टर रॉथ्सचाइल्डकडे १९३६ सालीं गेली. तीच पुढें अमेरिकेंत पोंचली, १९७१ च्या लिलावांत ५९,००० डॉलरांस विकली गेली, आणि २०१० सालीं पुन्हां विकली तेव्हां तीन कोटी डॉलरांहून अधिक आले असें वर्तमानपत्रांत आलें. चवथी, ५७५९१, ही १९३८ सालीं पोप नांवाच्या इंग्रज गृहस्थानें घेतली. ती १९८८ पासून राल्फ लॉरेन या अमेरिकन वस्त्रव्यावसायिकाच्या संग्रहांत आहे. इंग्लंडांत गेलेल्या गाड्यांचा माग सोपा पडतो, याचें कारण तिकडचें नोंदणी-पुस्तक. १९२० च्या कायद्यानें प्रत्येक गाडीबरोबर एक पुस्तक चालूं लागलें; मालक बदलला कीं त्यांत नवें नांव, पत्ता व तारखेचा शिक्का. जमिनीच्या उताऱ्यावर फेरफाराच्या नोंदी असतात तशाच. अशीं पुस्तकें जपून ठेवणारा मालक लाभला कीं संशोधकाचें निम्में काम झालें.

तिसऱ्या गाडीची, ५७४७३ ची, गोष्ट दुःखाची. ती प्रथम होल्झशू नांवाच्या फ्रेंच गृहस्थाची. १९५५ च्या ऑगस्टांत फ्रान्समधील जियँ गांवाजवळ रेल्वेच्या फाटकावर तिला आगगाडीची धडक बसली. तेव्हांचा मालक व त्याच्या सोबतची स्त्री दोघेंहि जागच्या जागीं गेलीं, आणि गाडीचा चेंदामेंदा झाला. ते अवशेष वर्षानुवर्षें पडून होते. मग एका हौशी संग्राहकानें ते विकत घेऊन मोठ्या चिकाटीनें गाडी पुन्हां उभी केली. ती आजहि आहे आणि सुंदर आहे. परंतु तींत मूळचें किती व नवें किती, हा वाद मिटलेला नाहीं. जुन्या देवळाचा गाभारा तोच, शिखर पेशवाईंतलें आणि सभामंडप परवांचा, तर देऊळ कोणत्या शतकाचें म्हणावें? आपण तेथें खुशाल 'प्राचीन' असें म्हणून मोकळे होतों. पण जेथें एका शब्दावर कोट्यवधि डॉलर अवलंबून आहेत तेथें कोणी असा मोकळेपणा दाखवीत नाहीं.

उरली दुसरी. क्रमांक ५७४५३. ही १९३६ च्या शरदृतूंत तयार झाली आणि जाँनें ती स्वतःसाठीं ठेविली. रंग काळा. कारखान्यानें आपल्या पत्रकांत हिचेंच चित्र छापलें; १९३७ सालीं नीस व लिआँ येथील प्रदर्शनांत हीच उभी होती. जाँ ती चालवी, आणि त्याचे निवडक मित्रहि चालवीत. तिला गिऱ्हाईक नव्हतें, म्हणून पावतीहि नाहीं. १९३८ नंतर तिचा भरंवशाचा पुरावा मिळत नाहीं.

अशा गाडीचा माग काढणारे लोक कोणती सामग्री वापरतात तें थोडें खुलासेवार सांगतों. पहिली सामग्री कारखान्याच्या वह्या. कोणता सांगाडा, कोणतें इंजिन, कोणत्या दिवशीं, कोणत्या विक्रेत्याकडे रवाना झाला, हें त्यांत असतें. इंग्लंडांत प्रेस्कॉट येथें बुगाटी ट्रस्ट नांवाची संस्था आहे. तिनें कारखान्याचे नकाशे व कागद जपून ठेविले आहेत. दुसरी सामग्री फ्रान्सच्या जिल्ह्याजिल्ह्यांतील नोंदणी-रजिस्टरें. पियेर-ईव्ह लोजिये नांवाच्या फ्रेंच संशोधकानें असल्या कागदांच्या आधारें '५७' जातीच्या गाड्यांच्या कुंडल्या मांडण्यांत वर्षें घालविलीं. तिसरी, त्या काळचीं नियतकालिकें. शर्यती, सौंदर्यस्पर्धा, अपघात. चवथी, घरगुती छायाचित्रांचे संग्रह. गाडीपुढें उभी राहून एखादी बाई हंसत असते आणि तिच्या पदराआड नव्हे, झग्याआड, नंबराची पाटी अर्धी दिसत असते! आणि पांचवी म्हणजे जिवंत माणसांच्या आठवणी. यांतील पहिल्या दोन सामग्रींचें मोल मी सर्वांत अधिक समजतों, कारण त्या वह्या लिहिणाऱ्या कारकुनास पुढें पाऊणशें वर्षांनीं ही गाडी कोणी विकणार आहे याची कल्पना नव्हती. ज्याला कांहीं मिळवावयाचें नसतें त्याची साक्ष चांगली.

चांगली, पण निर्दोष नव्हे. काळ्या गाडीच्या बाबतींत जो शेवटचा कागद संशोधक दाखवितात तो एक यादी आहे. फेब्रुवारी १९४१ मध्यें आगगाडीनें बोर्डो शहरीं पाठवावयाच्या गाड्यांची ती यादी. तींत एक गाडी आहे. पाटी १२४४ डब्ल्यू ५. काळ्या गाडीच्या छायाचित्रांत जी पाटी दिसते ती हीच. परंतु सांगाड्याचा क्रमांक ५७४५३ नव्हे, ५७४५४!

एका अंकाचा फरक. कांहीं जण म्हणतात, कारकुनाची चूक; गाडी तीच. दुसरे म्हणतात, कारखान्याच्या ताब्यांतील गाड्यांवरच्या पाट्या एकीवरून दुसरीवर फिरत असतात. पाटी तीच असली तरी गाडी निराळी असूं शकेल. शिवाय १९४० च्या उन्हाळ्यांतच अल्सास जर्मनांच्या हातीं गेला होता, मग फेब्रुवारी १९४१ मध्यें गाड्या कोठून, कोणाच्या हुकुमानें निघाल्या, हाहि प्रश्न राहतोच.

येथें मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. शाळेंत असतांना कित्येक वर्षें जनरल रजिस्टर लिहिण्याचें काम माझ्याकडे होतें. अक्षर बरें म्हणून दिलें होतें. एका जूनमध्यें एकाच दिवशीं साठसत्तर मुलांचीं नांवें चढविलीं. हात भरून आला होता. त्यांत एका मुलाच्या जन्मसालाचा शेवटचा अंक मीं चुकीचा लिहिला, एकानें कमी. तो मुलगा मोठा झाला, नोकरीला लागला, आणि त्या चुकीच्या सालाप्रमाणें एक वर्ष आधींच निवृत्त होण्याची वेळ त्याच्यावर आली. तो माझ्याकडे आला तेव्हां मीं रजिस्टर पाहिलें, अक्षर माझेंच. मीं लेखी कबुली दिली. पण दाखला तो दाखला; त्यापुढें माझी कबुली चालली नाहीं. त्याचें एक वर्षाचें वेतन गेलें तें गेलेंच. आजहि तो रस्त्यांत भेटला कीं आधीं नमस्कार करतो, आणि मला तो घेववत नाहीं.

म्हणून ५७४५४ हा आंकडा वाचला तेव्हां मीं प्रथम त्या अनामिक कारकुनाचा विचार केला. युद्धाचे दिवस, फेब्रुवारीची थंडी, कोठल्या तरी कचेरींत कोणी तरी सांगतो आहे आणि हा लिहितो आहे. त्याची चूक झाली असेल, हें मला सहज पटतें. पण 'सहज पटतें' आणि 'सिद्ध झालें' यांत अंतर आहे, हेंहि मी त्याच रजिस्टरावरून शिकलों आहें. माझी चूक ठरली ती मीं कबूल केली म्हणून नव्हे. त्या मुलाचा दुसरा कागद, ग्रामपंचायतीचा जन्माचा दाखला, स्वतंत्रपणें खरें साल सांगत होता म्हणून. काळ्या गाडीसाठीं तसा दुसरा कागद अजून पुढें आलेला नाहीं.

मग माणसांच्या आठवणी? त्याहि सरल्या, आणि कशा सरल्या तें ऐकून मन विषण्ण होतें. ११ ऑगस्ट १९३९ रोजीं जाँ बुगाटी मोल्सहाइमजवळच्या रस्त्यावर शर्यतीच्या गाडीची चांचणी घेत होता. जून महिन्यांत ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली तीच गाडी. अचानक एक सायकलस्वार आडवा आला. त्याला चुकवितांना गाडी झाडावर आदळली आणि जाँ गेला. वय वर्षें तीस. तीन आठवड्यांत महायुद्ध सुरू झालें. जाँच्या शर्यती मित्रांपैकीं विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स, ज्यानें १९२९ सालीं मोनॅकोची पहिली ग्रां प्री बुगाटीवर जिंकली होती, आणि रोबेर बेन्वा, ज्यानें १९३७ सालीं ल माँ जिंकली, हे दोघेहि जर्मनव्याप्त फ्रान्समध्यें इंग्रजांच्या गुप्त कार्यांत शिरले. बेन्वाला बुखेनवाल्डच्या छळछावणींत १९४४ च्या सप्टेंबरांत फांशी दिलें. ग्रोव्हर-विल्यम्स पकडला जाऊन साक्सेनहाउझेनला मारला गेला. म्हातारा एत्तोरे १९४७ सालीं वारला. बेन्वाचा जोडीदार विमिय १९४९ सालीं ब्वेनोस आयरेसला सरावाच्या वेळीं अपघातांत गेला. त्या गाडीच्या चाकामागें बसलेलीं, किंवा 'ती अमक्याला दिली' असें सांगूं शकणारीं जीं माणसें, तीं दहा वर्षांच्या आंत एकामागून एक गेलीं. आणि त्या दहा वर्षांत त्यांना गाडीविषयीं विचारावें असें कोणास वाटलेंहि नसेल, कारण तेव्हां ती केवळ एक जुनी गाडी होती. माणसांचाच पत्ता लागत नव्हता तेथें गाडीचें काय!

जागा मोकळी राहिली कीं तींत कल्पना येऊन बसतात. गाडी ग्रोव्हर-विल्यम्सकडे होती आणि त्यानें ती कोठें तरी लपविली, हा एक तर्क. जर्मन अधिकाऱ्यानें पळविली, हा दुसरा. ती मोडून तिचे भाग दुसऱ्या गाडींत गेले, हा तिसरा; मला स्वतःला हा सर्वांत नीरस तर्कच अधिक संभवनीय वाटतो. कारखान्याचें मत असें कीं, जर्मन सैन्य येण्याच्या सुमारास ती सुरक्षित प्रदेशांत हलविली असावी. २०१९ सालीं बुगाटीनें या हरवलेल्या गाडीच्या नांवानें एकच नवी काळी गाडी बनविली आणि कर वगळून एक कोटी दहा लक्ष युरोंना विकली. हरवलेल्या गाडीची ख्याति एवढी!

अशी ख्याति झाली कीं लबाडीहि मागोमाग येते. सांगाड्यावरचा क्रमांक हा काय, पोलादावर ठोकलेले पांच अंक. घासून काढतां येतात, दुसरे ठोकतां येतात. म्हणून जाणता परीक्षक एका क्रमांकावर कधींच विसंबत नाहीं. बुगाटींत सांगाड्याला, इंजिनाला, गिअरपेटीला, मागच्या आंसाला निरनिराळ्या खुणा असतात. त्या सर्वांचा मेळ कारखान्याच्या वहीशीं बसावा लागतो. आणखी एक युक्ति आहे. पोलादावर अंक ठोकला कीं त्याच्या खालची धातु दाबली जाते. वरचा अंक घासून नाहींसा केला तरी ती दाबलेली जागा राहते, आणि त्यावर विशिष्ट आम्ल लावलें असतां जुना अंक पुसटसा वर येतो. चोरीच्या मालावर पोलीस हीच युक्ति चालवितात. पुन्हां, अॅटलांटिकसाठीं जो बुटका सांगाडा वापरीत त्याची ठेवण निराळी: मागचा आंस सांगाड्याच्या खालून न जातां त्याच्या आरपार जातो. असे सांगाडे सर्व मिळून चाळीसच्या थोडेसेच वर झाले. तेव्हां साध्या '५७' ला अॅटलांटिकचा वेष चढविणारा वरून कितीहि चतुर असला तरी गाडीखालीं दिवा धरला कीं उघडा पडतो.

तर मग आशा सोडावी काय? इंग्लंडांत न्यूकॅसल येथें एक निवृत्त शल्यवैद्य २००७ सालीं वारला. त्याच्या बंद गॅरेजांत, धुळीखालीं, त्याच बुटक्या सांगाड्याची एक बुगाटी निघाली. ती १९३७ सालीं अर्ल हाउ या शर्यतपटु सरदारानें घेतलेली; सुमारें १९६० पासून जागची हालली नव्हती. २००९ सालीं पॅरिसच्या लिलावांत तिला चौतीस लक्ष युरो आले. मात्र ही हरवलेली गाडी नव्हती बरें का. हौशी मंडळींना ती कोठें आहे याची कुणकुण होती, आणि म्हाताऱ्याच्या दारांत चिठ्ठ्याहि पडत. म्हणजे तिच्या कागदांत खंड नव्हता. काळ्या गाडीच्या कागदांत खंड आहे, आणि आतां तो ऐंशी वर्षांहून मोठा झाला आहे.

उद्यां बोर्डोच्या बाजूला एखाद्या जुन्या कोठाराची भिंत पाडतांना खरोखरच कांहीं निघालें, सबंध गाडी नव्हे, एखादा आंस, इंजिनाचा एखादा पाय, तर पहिली काळजी घ्यावयाची ती ही कीं, त्यावरचा गंज कोणीं घासूं नये. गंजाखालीं अंक असतो. आणि उत्साहाच्या भरांत घांसकागद चालविणाऱ्या हौशी माणसांनीं जितका पुरावा नष्ट केला आहे तितका चोरांनींहि केला नसेल. वस्तु जशी मिळाली तशी, आजूबाजूच्या मातीसकट छायाचित्रांत टिपून घ्यावी. मग परीक्षकास बोलवावें.

तें छायाचित्र माझ्या विद्यार्थ्यानें माझ्याकडेच ठेवून दिलें आहे. भिंग लावून पाटी मीं पुष्कळदां वाचली. बाराशें चव्वेचाळीस, त्यांत शंका नाहीं. पुढच्या खेपेस तो येईल तेव्हां त्या यादीची नक्कल मिळते कां पाहतो म्हणाला आहे. मला त्या कारकुनाचे तीन आणि चार कसे वळतात तें एकदां डोळ्यांनीं पाहावयाचें आहे.